रात्री अडीचचा भूकंप

बुधवार, १० जुलै २०२४. सकाळी सव्वासातला मी आरशासमोर दाढी करत होतो. आधी आवाज आला, खडीनं भरलेला हायवा गल्लीतून जावा तसा. आमची गल्ली हायवा मावण्याइतकी रुंद नाही हे डोक्यात येईपर्यंत आरसा हलला, मांडणीवरचे डबे खणखणले आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. पाच-सात सेकंदांचा खेळ. बाहेर आलो तर अख्खी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या हातात ब्रश, कुणाच्या कडेवर अर्धं न्हालेलं लेकरू, आणि माझ्या अर्ध्या तोंडाला फेस.

हिंगोली जिल्ह्यातलं हे गाव. नाव देत नाही, कारण पुढं जे सांगायचंय त्यात गावाची बदनामी आहे असं काहींना वाटतं आणि मला इथंच नोकरी करायची आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गावातच राहतो. अशा गुरुजींची संख्या हल्ली किती उरलीय ते सांगायला नको.

धक्क्याची तीव्रता ४.५ होती, केंद्र आमच्याच जिल्ह्यात. नांदेड, परभणीलाही जाणवला. गावात पडलं काय, तर एका जुन्या वाड्याचा पोपडा आणि देवळामागची आधीच कललेली कंपाउंडची भिंत. खरं सांगायचं तर भूकंपानं गावाचं काहीच केलं नाही. पण त्या रात्री गावातली निम्मी घरं पावसात, उघड्यावर, ताडपत्रीखाली झोपली. एका बाईला विंचू चावला, रात्री एकला तिला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागलं. दोन म्हातारी माणसं आठवडाभर तापानं फणफणली. हे सगळं केलं एका बातमीनं. ती गावात कशी शिरली, कुणाकुणाच्या हातून गेली आणि कुठं अडायला हवी होती, याचा मी नंतर पंधरा दिवस माग काढला. त्या साखळीत एक कडी माझीही होती. लिहायला बसलो ते त्यामुळंच.

मेसेज

दुपारी एकच्या सुमाराला, खिचडी वाटून झाल्यावर, फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर असं आलं होतं:

"महत्त्वाची सूचना. आज रात्री २.३० ते ३.३० दरम्यान हिंगोली, नांदेड, परभणी जिल्ह्यात ७.८ रिश्टर स्केलचा मोठा भूकंप येणार आहे असे नासाने सांगितले आहे. सर्वांनी घराबाहेर झोपावे. मोबाईल बंद ठेवावा. लहान मुलांची काळजी घ्यावी. आपल्या लोकांना पाठवा."

आज हे शांतपणे वाचलं की त्याचे टाके दिसतात. भूकंप आणि मोबाईल बंद ठेवणं यांचा काय संबंध? काहीच नाही. पण गेली कित्येक वर्षं दुसरा एक मेसेज फिरतोय: रात्री साडेबारा ते साडेतीन अवकाशातून घातक किरणं येणार, मोबाईल अंगाजवळ ठेवू नका, नासानं सांगितलंय. कुणी तरी त्याच जुन्या गोधडीला नवं ठिगळ लावलं होतं. किरणं काढून भूकंप घातला, तीन जिल्ह्यांची नावं घातली, मोबाईलचं वाक्य काढायचं विसरलं. आणि मुळात भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही. नासाला नाही, जपानलाही नाही. मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवतो. हे मला माहीत होतं.

तरी मी काय केलं? मेसेज कॉपी केला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "खरं-खोटं माहीत नाही, खात्री नाही, पण मुलांची काळजी घ्यावी."

यात माझी काय चलाखी होती ते कबूल करतो. खोटं ठरलं तर 'मी म्हटलंच होतं खात्री नाही', आणि खरं ठरलं तर 'मी सांगितलं होतं'. दोन्हीकडून सुरक्षित. सकाळपासून पोटात गोळा होता तो वेगळाच. तो दुसऱ्याच्या पदरात टाकला की थोडं हलकं वाटतं. दुपारी दोन ते चार मी निवांत वर्ग घेतले.

आणखी एक गोष्ट मी नकळत केली. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर व्हॉट्सअॅप तशी खूण दाखवतं, पाच किंवा जास्त हात बदललेल्यावर दुहेरी बाण येतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. देशात त्या सुमाराला असे प्रकार बरेच झाले आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर झाली. २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण कॉपी करून चिकटवला की बाण जातो, मर्यादाही जाते. गावाच्या ग्रुपवर त्या मेसेजला दुहेरी बाण होता. पालकांच्या ग्रुपवर नव्हता. तिथं तो गुरुजींचा मेसेज झाला.

माग

पुढच्या पंधरवड्यात मी भेटेल त्याला एकच विचारत होतो: तुला कुणाकडून कळलं? कुणी सांगितलं की जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या बाजूवर नाव लिहायचं, बाण काढायचा. आधी लोक हसले. मग काहींना राग आला, कारण आपण कुणाचं ऐकून झोपलो हे सांगताना माणूस ओशाळतो. तरी जमलं.

बाहेर झोपलेल्या लोकांतल्या फार थोड्यांनी मूळ मेसेज वाचला होता. बाकीच्यांनी ऐकला. दुपारपर्यंत बातमी फोनवर होती, साडेपाचला ती नळावर आली. सोयाबीनच्या खुरपणीवरून बायका परतल्या, पाण्याला लागल्या, आणि तिथून पुढं फोनची गरजच उरली नाही. एका ताईनं सांगितलं, "मला चौघीजणींनी सांगितलं, गुरुजी. चौघी खोटं बोलतील का?" मी त्या चौघींना गाठलं. एकीला दुसरीनं सांगितलं होतं, दुसरीला तिच्या मुलानं. तिसरीला आणि चौथीला त्याच मुलाच्या आईनं, म्हणजे परत दुसरीनंच. आणि त्या मुलानं वाचलं होतं ते पालकांच्या ग्रुपवर. माझं.

चार तोंडं होती, पण बातमी एकाच कानातून आलेली. ऐकणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला चार साक्षीदार दिसतात, आणि चार साक्षीदारांपुढं कुठलं कोर्टही मान हलवील. हजेरीपटावरचे बाण मागं मागं नेले तर गावभरच्या बातमीला तीनच तोंडं निघाली: मी, किराणा दुकानवाले तात्या, आणि पुण्यात कंपनीत असलेला एक पोरगा. तात्यांनी गावाच्या ग्रुपवरून उचललं होतं, मीही तिथूनच. त्या ग्रुपवर टाकलं होतं त्या पोरानं. त्याला ते त्याच्या खोलीवरच्या मित्रांच्या ग्रुपवर आलं होतं. तो मित्र कुठला, त्याला कुणाकडून, हे त्यालाही आठवेना. म्हणजे तीनही नाहीत, एकच.

वाटेत बातमीचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. अफवांवर जुना अभ्यास आहे, १९४७ चा, ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोघांचा. ते म्हणतात, तोंडातोंडी जाताना तपशील झडतात आणि उरलेल्यांना धार येते. आमच्याकडं तंतोतंत तेच झालं. पहिल्याच उडीत माझं 'खात्री नाही' गळालं. एकाही माणसानं ते पुढं सांगितलं नव्हतं. ध चा मा कुणी केला नाही, शब्द बदलला नाही, फक्त शंका तेवढी वाटेत सांडली. दुसऱ्या उडीत नासा गेलं, कारण नळावर नासाला कोण ओळखतं? त्याच्या जागी 'गुरुजींनी सांगितलंय' आलं. गावाबाहेरच्या तांड्यावर पोचेपर्यंत ते 'सरकारनं सांगितलंय' झालं होतं, कारण गुरुजी सरकारी पगार घेतात. तांड्यावर त्या रात्री एकही माणूस घरात झोपला नाही. मूळ मेसेज तिथं एकाच्याही फोनवर नव्हता.

वेळ मात्र शेवटपर्यंत टिकली. अडीच. कुणालाही विचारा, अडीचच सांगणार.

खरी बातमी कुठं होती

ती गावातच होती, दोन ठिकाणी.

एक, दुपारी चारच्या पुढं तालुक्याहून आलेली पीडीएफ. वर राजमुद्रा, खाली सही, मध्ये "नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये" अशा अर्थाचा मजकूर. ग्रुपवर तिच्या आधी साठ-सत्तर मेसेज, नंतर तेवढेच. उघडली किती जणांनी कोण जाणे, आणि उघडली त्यांना तिनं कामाचं काय सांगितलं? कुठली अफवा ते नाही, ती खोटी का ते नाही, रात्री करायचं काय तेही नाही. घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नको' म्हणणं म्हणजे उचकी लागलेल्याला 'उचकी देऊ नको' म्हणण्यासारखं आहे.

दुसरी जागा मुक्कामी एसटी. रात्री साडेआठला गाडी आली. कंडक्टर उतरला, पारावर ताडपत्र्या बघून म्हणाला, "हे काय नवीन?" सांगितल्यावर तो म्हणाला की तालुक्याच्या स्टँडवर सगळं नेहमीसारखं चालू आहे, वाटेतल्या चार गावांपैकी दोन गावांत लोक बाहेर आहेत आणि दोन गावांत टीव्ही चालू आहेत. त्या दिवशी गावात आलेली ही सगळ्यात चांगली बातमी. डोळ्यांनी पाहिलेली, ताजी, चार गावांची. कुणी कान दिला नाही. तो बाहेरचा माणूस.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं होतं की नवी माहिती आपल्या घट्ट नात्यांतून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त येते. जवळची माणसं तेच जाणतात जे आपण जाणतो. कंडक्टर म्हणजे अशी लांबची ओळख. पण त्यानं आणलेली माहिती खरी मानायला जो भरवसा लागतो, तो आपण घरच्यांसाठीच राखून ठेवलेला असतो. नंतर कळलं, जी दोन गावं बाहेर झोपली त्यांच्याशी आमच्या गावाची सोयरीक दाट आहे. जी टीव्ही बघत बसली ती त्याच रस्त्यावर, मध्येच, पण तिथं आमच्या लेकी दिलेल्या नाहीत. बातमी डांबरी रस्त्यानं गेलीच नाही. ती माहेर-सासरच्या वाटेनं गेली.

आबा वारीला

आषाढी १७ जुलैला होती. गावची दिंडी कधीच पंढरपूरच्या वाटेला लागलेली. हा जिल्हा नामदेवांचा, नर्सी इथून लांब नाही, तेव्हा वारी चुकवणं इथं कुणाला जमत नाही. दिंडीबरोबर गावातली चाळीसेक माणसं गेली होती, बहुतेक साठीच्या पुढची. पोलीस पाटलांचे वडील, जुने पोस्टमन, आणि आबा.

आबांकडं बटणाचा फोन आहे. चावडीवर कसलीही बातमी आली की ते आधी तंबाखू मळतात. मळून झाली की विचारतात, "कुनी पाह्यलं?" सांगणारा म्हणतो, अमक्यानं. "त्यानं सोता पाह्यलं का त्याला कुनी सांगितलं?" बहुतेक बातम्या या दुसऱ्या प्रश्नाला मरतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, मानधन नाही, पण गावात येणारी प्रत्येक गोष्ट या चाळणीतून जायची. पिठाच्या चाळणीत कोंडा वर राहतो तसं 'म्हणे', 'ऐकलं', 'असं कळतं' वर राहायचं. त्या बुधवारी चाळणी सोलापूर जिल्ह्यात कुठं तरी पालखीमागं चालत होती.

रात्री साडेनऊला मी त्यांना फोन लावला. का लावला ते तेव्हा कळलं नाही. बहुतेक मला कुणी तरी रागवायला हवं होतं. मागं टाळ वाजत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कामून भेवूलालाव, गुरुजी? ज्यानं पाठवलं त्याला इचारा, बाबा, तू सोता कुटं झोपूलालास?"

मी पुण्याच्या पोराला फोन केला. तो चौथ्या मजल्यावरच्या खोलीत गादीवर पडून मॅच बघत होता. "मी इथं आहे हो सर, तुमच्याकडं येणारे ना भूकंप." बरोबरच होतं त्याचं. पण त्याची आई-बापू इथं पारावर भिजत होती, आणि त्यांना त्यानं पुन्हा फोन करून विचारलंही नव्हतं. त्यानं मेसेज पुढं ढकलला तो काळजीपोटी. खरं असेल असं धरून तो वागला मात्र नाही. मी तरी वागलो होतो का? पालकांना 'काळजी घ्या' लिहून माझी स्वतःची पथारी रात्री दहापर्यंत घरातच अंथरलेली होती.

आबांचं फार कौतुक करावं असंही नाही. २०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा आबा म्हणाले होते, "घाई नको." तेवढ्यावर गावातले कितीतरी म्हातारे दोन महिने थांबले, आणि एप्रिल-मे कसा गेला ते सगळ्यांना आठवतंय. शिवाय आबांची चाळणी चावडीवर टांगलेली. नळावरचं, तांड्यावरचं, खालच्या वस्तीतलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, पोचलं तरी अर्धं. माणूस जेव्हा चाळणी असतो तेव्हा त्याच्या जाळीची भोकंही माणसाचीच असतात.

लोक येडे नव्हते

बाहेरच्या कुणाला हा प्रसंग सांगितला की तो हसतो. मग मला किल्लारी सांगावी लागते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लातूर-उस्मानाबादची गावं गाढ झोपलेली, आणि ६.२ च्या धक्क्यानं हजारो माणसं घरातल्या घरात गाडली गेली. मराठवाड्यात भूकंप हा शब्द उच्चारला की घड्याळ आपोआप पहाटेकडं जातं. त्या मेसेजमधलं 'अडीच ते साडेतीन' इतकं पटकन का पटलं, आणि बाकी सगळं गळून वेळच का टिकली, याचं उत्तर मला त्या ३.५६ मध्ये दिसतं. दुपारी दोनचा भूकंप कुणी मानला नसता.

दुसरं, २१ मार्च २०२४. तेव्हाही पहाटेच, ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा धक्का बसला आणि अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा. गावानं तीन महिन्यांपूर्वीच अनुभवलं होतं की एकावर दुसरा येतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात ते वेगळेच. ते वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि तिकडच्या पाहुण्यांकडून आमच्यापर्यंत येत राहतात.

आणि तिसरी गोष्ट, जी 'घाबरू नका' म्हणणारे सांगत नाहीत. किल्लारीला १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने लहान धक्के बसत होते. लोक तेव्हाही बाहेर झोपले होते. मग कंटाळून आत गेले. पुढच्या वर्षी ती पहाट आली. म्हणून लहान धक्क्यानंतर मोठा येणारच नाही असं छातीठोक सांगता येत नाही. त्याची शक्यता थोडी असते, शून्य नसते, आणि ती रात्री अडीचची नसते.

पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवा गोळा केल्या होत्या. जिथं जमीन जोरात हलली पण पडझड झाली नाही, तिथल्या लोकांत आणखी मोठ्या संकटाच्या अफवा उठल्या होत्या: ग्रहणाच्या दिवशी भूकंप, २३ जानेवारी हा घातवार, नेपाळकडून लोंढा येतोय. लिऑन फेस्टिंगर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ यावर अडला. माणसं सुखरूप असताना स्वतःला आणखी घाबरवतील कशाला? त्याला सुचलेलं उत्तर असं: भीती आधीच अंगात शिरलेली असते आणि आजूबाजूला तर काहीच पडलेलं नसतं. एवढं भ्यायचं कारण दिसत नाही, म्हणून माणूस कारण शोधतो. अफवा भीती निर्माण करत नाही, तिला कारण पुरवते. १९५७ मध्ये त्यानं मांडलेल्या 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स' (मनातली विसंगती) या प्रसिद्ध सिद्धान्ताची सुरुवात या बिहारच्या अफवांपासून झाली.

हे वाचलं तेव्हा मला माझा दाढीचा फेस आठवला. सकाळी सव्वासात ते दुपारी एक, सहा तास, गाव भ्यालेलं होतं आणि भिण्यासारखं काहीच नव्हतं. पडली ती एक कललेली भिंत. मेसेज आला तेव्हा त्याला जागा तयार होती. मला तो खोटा वाटला, तरी कुठं तरी बरं वाटलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय.

आजींची बाज

त्या रात्री मी गल्लीतून फिरलो तेव्हा एक आजी पत्र्याच्या पडवीत बाजेवर नेहमीसारख्या झोपलेल्या होत्या. ना ताडपत्री, ना पोथी, ना गोंधळ. त्यांचं माहेर औशाकडचं. किल्लारीत चुलतभावाचं घर संपलेलं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं की. अडीचला येनार मनं." मग उठून बसल्या. "त्या रातीला आमाला कोन सांगितलं होतं, गुरुजी? सांगून आला असता तर आमचे लोकं मेले असते का?"

"मग बाहेर का झोपलात?"

त्यांनी मागच्या घराकडं बोट केलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद. "मी काय आज झोपूलाले का? तीस वर्सं झाले. त्येच्याखाली मी झोपतच नाई."

माळवद म्हणजे लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी एक थर. उन्हाळ्यात आत गार, आणि भिंत सरकली की ते सगळं ओझं एकदम खाली. किल्लारीत माणसं मारली ती बहुतेक या छपरांनी आणि त्यांच्याखालच्या दगडी भिंतींनी. आजींनी ऐकलेल्या बातमीतली वेळ फेकून दिली होती, आकडा फेकला होता, सांगणाराही फेकला होता. छप्पर तेवढं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीपट घेऊन घरं मोजत फिरलो. गावात माळवदाची चौदा घरं अजून आहेत. त्यातल्या नऊ घरांतली माणसं रात्री आतच झोपलेली होती. यातले बरेच जण एकटे म्हातारे, फोन नसलेले, नळावर न जाणारे, शेजाऱ्यांशी बोलणं टाकलेले. आणि पावसात भिजली ती घरकुलवाली, पत्र्यावाली, स्लॅबवाली. म्हणजे ज्यांना कमी धोका ते बाहेर आणि ज्यांना खरा धोका ते आत. बातमीनं गाव चाळलं होतं, पण उलटं.

अडीच वाजले. पाऊस भुरभुरत होता. साडेतीन वाजले. पावणेचारला एकेक बोचकं उचलून लोक आत जायला लागले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पारावरचा एक तरणा म्हणाला, "आला असता तर बरं झालं असतं," आणि त्याच्या बापानं त्याला शिवी घातली.

नंतर

मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की तो मेसेज खोटा होता, मी न तपासता टाकला, चूक माझी. सत्तावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. नळावर ही दुरुस्ती कधीच पोचली नाही. आजही तिथं 'गुरुजींनी सांगितलं होतं' हेच आहे, आणि पुढं जोडलेलं असतं, 'पन नाई आला, देवाची कृपा'.

राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र प्रत्येक धक्क्याची वेळ, जागा, तीव्रता, खोली आपल्या संकेतस्थळावर देतं. सातवीच्या पोरांना मी ते पान दाखवलं. त्यांना ४.५ आणि ६.२ यात किती फरक ते विचारलं. पोरं म्हणाली, १.७. मग एक अंक वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पट होते, हे सांगून गणित करवलं. साडेतीनशे पटीच्या आसपास आलं. एका पोरीनं ते घरी बापाला सांगितलं, बापानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "खरं का?" त्या मोसमात गावात मी ऐकलेला हा पहिला 'खरं का'.

आबा परतल्यावर त्यांना हजेरीपट दाखवला. बाण बघत बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये गठूळं लई मोटं झालंय हितं." आणि चौदा घरांची यादी मागून घेतली, खिशात घातली.

दिवाळीच्या आत त्यातल्या दोघांनी माळवदावरची माती उतरवून पत्रे टाकले. एका आजोबांचा मुलगा घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते बघायला तीनदा तालुक्याला जाऊन आला. बाकीच्यांची माती अजून वरच आहे. यंदा पावसाआधी त्यातल्या चौघांनी तीवर नवा थर टाकला, कारण गळत होतं.